मागच्यालाही ब्रेक असतो

नाशिकचं आरटीओ ऑफिस पेठ रोडवर आहे. ही सोय आहे की इशारा, हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही. शिकाऊ परवान्याची परीक्षा तिथे, पक्क्या परवान्याची चाचणी तिथे, आणि फाटकातून बाहेर पडून शहराकडे पाठ केली की तोच रस्ता पन्नासेक किलोमीटरवरच्या पेठला जातो. वाटेत आधी सावळघाट, मग कोटंबीचा घाट. म्हणजे सरकार एका हाताने परवाना देतं आणि दुसऱ्या हाताने घाटाकडे बोट दाखवतं. मी परवाना घेतला, सरकारचे आभार मानले आणि रिक्षाने घरी आले.

पुढे कित्येक वर्षं तो परवाना माझ्याकडे उत्तम चालला. बँकेत चालला, रेल्वेत टीसीसमोर चालला, मतदान केंद्रावर चालला. गाडीत तेवढा तो कधी चालला नाही.

याचं थोडं श्रेय ड्रायव्हिंग स्कूलला द्यायला हवं. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतो. आमचे सर एका हाताने फोनवर बोलत, दुसऱ्या हाताने माझं स्टिअरिंग सरळ करत आणि उरलेली सगळी गाडी पायांनी चालवत. मला वाटे, काय छान जमतंय आपल्याला! गाडी कधी बंद पडत नव्हती, कधी आचके देत नव्हती. शिकवणी संपल्यावर घरच्या गाडीत बसले, क्लच सोडला, आणि त्या गाडीने बेडकासारखी एक उडी मारून प्राण सोडला. तेव्हा लक्षात आलं की आजवर पैसे भरून मी फक्त स्टिअरिंग धरून बसायला जात होते. गाडीवर कव्हर घातलं गेलं. दर दिवाळीला ते धुवून परत घालायचं, एवढा आमचा वाहनयोग उरला.

नोकरी पेठच्या शाळेत, घर पंचवटीत. मधल्या अंतराची काळजी एसटीची. पेठला स्वतःचं आगार आहे, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, आणि तेव्हापासून या राज्यात गाडी चालवायची भीती बाळगणं परवडू लागलं, असं माझं मत आहे. पेठ फाट्यावर उभं राहायचं, हात करायचा, खिडकी मिळाली तर झोप, नाही मिळाली तर उभ्याने झोप. क्वचित ड्रायव्हरच्या मागची जागा मिळे. तेव्हा झोप येत नसे, कारण घाटात प्रत्येक वळणावर मी माझ्या पायाखालच्या पत्र्यावर जोर देऊन गाडीला ब्रेक लावत असे. ड्रायव्हरसाहेबांना याची कल्पना नव्हती. गाडी आपणच थांबवतो, असा त्यांचा समज होता.

आता पेठ हे गाव काही भित्र्यांचं नव्हे. इथे एक छोटं संस्थान होतं. १८५७ च्या डिसेंबरात इंग्रजांविरुद्ध इथल्या आदिवासींनी उठाव केला आणि त्यात पेठच्या भगवंतरावांना फाशी झाली. ज्या गावाच्या खात्यावर इतकं धाडस जमा आहे, तिथे एक मास्तरीणबाई सेकंड गिअरला घाबरते हे शोभत नव्हतं. पण एसटी होती तोवर कोणाला कळायचंही कारण नव्हतं.

मग ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. आठ-दहा दिवसांत मिटेल म्हणता म्हणता तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. आगारात लाल गाड्या ओळीने उभ्या, त्यांच्या टपावर धूळ, आणि रस्त्यावर काळ्या-पिवळ्या जीप. काळी-पिवळीत बसणं ही बसण्याची एक वेगळीच पद्धत आहे. एकाने पुढे सरकायचं, दुसऱ्याने मागे रेलायचं, तिसऱ्याने दोघांवर विश्वास ठेवायचा. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तर माणसं असतातच. उजव्या हातालाही एक असतो, आणि घाटात गिअर टाकायचा तर आधी कोणाचा तरी गुडघा हलवावा लागतो. अशा गाडीत, मांडीवर दुसऱ्याचं पोतं घेऊन, मी रोज गाढ झोपून सावळघाट ओलांडत होते.

तिथेच कधीतरी माझा मलाच प्रश्न पडला. भीती जर मरणाची असेल, तर या जीपमध्ये तिचा पत्ता कसा नाही? घरी कव्हराखाली चारच माणसांसाठी केलेली, पट्टे असलेली, सर्व्हिसिंग झालेली गाडी उभी आहे. तिच्या चाव्या हातात घेतल्या तरी तळवे ओले होतात. आणि इथे ब्रेकपर्यंत ड्रायव्हरचा पाय पोचतो की नाही याची शंका यावी अशा गाडीत मी घोरते. हे गणित मरणाच्या भीतीचं नव्हतं.

मग मी माझ्या भीतीकडे नीट पाहिलं. तिचा एक ठरलेला सिनेमा होता. सावळघाटाचा चढ. पुढे वळण. माझी गाडी बंद पडते. मागे वापीकडून आलेला बारा चाकी ट्रक, त्याच्यामागे पिकअप, त्याच्यामागे दुधाची गाडी, रांग थेट करंजाळीच्या बाजारापर्यंत. सगळे एका सुरात हॉर्न देताहेत. मग एक गृहस्थ खाली उतरतात, चालत माझ्यापर्यंत येतात, काचेतून आत डोकावतात आणि मागे वळून साऱ्या रांगेला निकाल सांगतात, ‘बाई आहे!’ सिनेमा इथे संपतो. त्यात मी दरीत वगैरे कधी पडले नाही. माझ्या सिनेमात दरी नव्हतीच. फक्त प्रेक्षक होते.

लोकांना हे सांगितलं की लोक धीर देतात. धीर देण्याची आपल्याकडची पद्धत म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी पराक्रम सांगणे. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचं नाव मला इतक्या जणांनी ऐकवलं की त्या आमच्या नात्यातल्या वाटू लागल्या. त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत पाऊल टाकलं, देशातल्या पहिल्या महिला इंजिनचालक झाल्या, २०११ च्या महिलादिनी पुण्याहून डेक्कन क्वीन घेऊन बोरघाट उतरल्या. ‘त्या एवढी मोठी गाडी घाटातून नेतात, आणि तुम्ही?’ बाईंबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांच्या मागे, बारा हातांवर, दुसरी डेक्कन क्वीन उभी राहून हॉर्न देत नव्हती, हा मुद्दा कोणी लक्षात घेत नाही.

शेवटी मदतीला आला ससा. बी.एड.ला मानसशास्त्रात एक प्रयोग शिकलो होतो. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४ साली तो प्रसिद्ध केला. पीटर नावाचं एक लहान पोर सशाला घाबरत असे. बाईंनी त्याला आवडता खाऊ दिला आणि ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. पोर खातंय तोवर ससा जरा जवळ. रडायला लागलं की ससा मागे. असं करत करत काही काळाने पीटर सशाला कुरवाळू लागला आणि ससा त्याची बोटं कुरतडू लागला. परीक्षेत या प्रयोगावर मी पानभर लिहिलं होतं. तो स्वतःवर करून पाहता येतो, हे मात्र एसटीचा संप होईपर्यंत सुचलं नव्हतं.

माझा ससा सावळघाट होता. तो काही पिंजऱ्यात घालून आणता येत नव्हता, तेव्हा मीच त्याच्याकडे हप्त्याहप्त्याने सरकायचं ठरवलं. रविवारी सकाळी, उजाडता उजाडता, आधी आरटीओपर्यंत. नंतर आशेवाडीपर्यंत. तिथे रामशेजच्या पायथ्याशी गाडी लावून शेंगदाणे खायचे, कारण प्रयोगात खाऊ अनिवार्य आहे. समोर किल्ला. उंची फार नाही, घेर फार नाही, पाहून कोणी घाबरावं असं काही नाही. पण १६८२ पासून औरंगजेबाच्या सरदारांनी त्याला वेढा घातला आणि मूठभर मावळ्यांनी तो पाच-सहा वर्षं हातचा जाऊ दिला नाही. सरदार बदलले, तोफा आल्या, किल्ला तिथल्या तिथे. खाली जमलेल्या गर्दीचं दडपण घ्यायचंच नाही असं एकदा ठरवलं की काय करता येतं, याचा हा दाखला नाशिकपासून इतक्या जवळ आहे. शेंगदाणे संपेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसे आणि मग गाडी वळवून घरी येई. पुढे उमराळ्यापर्यंत मजल गेली. तिथवर द्राक्षबागा, सरळ रस्ता, चौथा गिअर. ससा पिंजऱ्यात आणि अजून लांब.

घाटासाठी मात्र शेजारी माणूस हवा होता. घरच्या माणसाचा उपयोग नव्हता. नवरा शेजारी बसला की गाडीत दोन ड्रायव्हर होतात आणि स्टिअरिंग एकच असतं. आमच्या शाळेतले शिपाईभाऊ कामाला आले. ते मूळचे पेठ तालुक्यातल्याच एका पाड्यावरचे. दिवाळीनंतर इथली माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-नाशिककडे जातात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी भाऊ मेव्हण्याचा पिकअप चालवतात. घाट त्यांच्या अंगणातला. बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी गाडीत बसले, पट्टा लावला, खिशातून सुपारी काढली आणि म्हणाले, ‘चला मॅडम.’ पुढे बराच वेळ एवढंच.

घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि शिकवणी दिली. आयुष्यात गाडीबद्दल कोणी मला इतकं नीट सांगितलं नव्हतं. चढावर उभ्या गाडीला पुढे काढायचं तर हँडब्रेक ओढून ठेवायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच अगदी हळू वर आणायचा. इंजिनाचा आवाज जड झाला, बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की तो हाफ क्लच. तिथे पाय धरायचा, थोडा रेस द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे जात नाही. जाऊच शकत नाही, कारण तोवर इंजिनाने तिला पकडलेलं असतं. आणि उतरताना? ‘ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरायचं. इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतो. तापला का धरत नाही.’ डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल ते जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

हे ऐकून माझी अर्धी भीती गेली. इतकी वर्षं माझ्या डोक्यात गाडी ही एक लहरी वस्तू होती; मनात आलं की बंद पडते, मनात आलं की मागे घसरते. तिला कारणं असतात, आणि ती पायाच्या तळव्याला कळतात, हे कोणी बोललंच नव्हतं. उरलेली अर्धी भीती क्लचची नव्हती. ती आरशात होती.

आणि झालं तसंच. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर समोरून ट्रेलर आला, मी थांबले, आणि गाडी बंद पडली. अगदी सिनेमातल्यासारखी, सिनेमातल्याच जागी. मागे पिकअप. त्याने हॉर्न दिला. त्याच्यामागे आणखी कोणी. माझा पाय ब्रेकवर थरथरत होता आणि डोळे आरशातून निघत नव्हते. भाऊंनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली आणि म्हणाले, ‘वाजवू द्या मॅडम. ब्रेक त्याच्याकडे पण आहे.’

मी आजवर धीर देणारी बरीच वाक्यं ऐकली आहेत. पुष्कळशी फळ्यावर लिहूनही दिली आहेत. पण एवढं कामाचं एकही नाही. खरंच की. मागच्यालाही ब्रेक असतो. त्यालाही परवाना दिलेला असतो, त्यालाही डोळे असतात, आणि पुढची गाडी थांबली तर थांबायचं काम त्याचं असतं. इतकी वर्षं मी माझी गाडी चालवायला बसत होते आणि आरशातल्या प्रत्येकाची गाडी चालवायचा प्रयत्न करत होते. एवढ्या गाड्या एका क्लचवर कशा चालणार? मी आरशातून डोळे काढले. हँडब्रेक, गिअर, हाफ क्लच, आवाज जड. गाडी निघाली. मागून कोणी उतरून आलं नाही. काचेत कोणी डोकावलं नाही. पिकअपवाल्याला पुढे कुठेतरी पोचायचं होतं आणि मी बाई आहे की बुवा, यात त्याला काडीचाही रस नव्हता. इतक्या वर्षांच्या सिनेमाचा असा विचका झालेला पाहून थोडं वाईटसुद्धा वाटलं.

गुरू म्हणून मात्र मी दुसऱ्यालाच मानते. हा राष्ट्रीय महामार्ग ८४८ आहे. ठाण्याहून नाशिकवरून पेठ, आणि पुढे गुजरातेत कपराडा, पारडी. वापीच्या कारखान्यांचा माल घेऊन ट्रक याच वाटेने वर येतात. ओझं पुरेपूर, चढ सरळ अंगावर, वेग माणसाच्या चालण्याएवढा. एकदा कोटंबीच्या घाटात अशा ट्रकच्या मागे अडकले. पुढे तो, मागे आम्ही सगळे, आणि आमच्यातले उतावीळ हॉर्नवर हात ठेवून बसलेले. ट्रक जात होता तसाच जात राहिला. ना घाई, ना शरम, ना राग. जागा रुंद झाली तिथे त्याने थोडं डावीकडे घेतलं, खिडकीतून एक हात बाहेर आला आणि ‘जा’ म्हणून हलला. आम्ही एकेक करून पुढे गेलो. जाताना मी वर पाहिलं. ड्रायव्हर गाणं ऐकत होता.

त्या माणसाने मला शिकवलं ते कुठल्याच स्कूलमध्ये नाही. आपल्या इंजिनाला जेवढं झेपतं तेवढ्या वेगाने जायचं, जागा मिळाली की साईड द्यायची, आणि मधल्या काळात आपल्यामुळे कोणी खोळंबलं आहे याचं ओझं ट्रकमधल्या मालावर आणखी लादायचं नाही. हळू जाणं हा गुन्हा नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

त्याच्या ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ नव्हतं, याचंही मला बरं वाटलं. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ट्रकच्या पाठीवरच्या या अक्षरांवर बंदी घातली. त्यामुळे लोकांना विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं असं कारण दिलं. अक्षरं बऱ्याच ठिकाणी पुसली गेली. उत्तेजन पुसलं गेलं नाही. तीव्र वळणावर, समोरचं दिसत नसताना दिलेला हॉर्न मी समजू शकते. घाटात तो द्यावाच. पण समोर थांबलेली गाडी स्पष्ट दिसत असताना दिलेल्या हॉर्नने आजवर कोणाचं इंजिन सुरू झालेलं नाही.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही. पेठचा पाऊस हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात गाडी चालवणं हा त्याहून स्वतंत्र. धुकं उतरलं की बोनेटच्या पुढचं जग सरकारने रद्द केल्यासारखं दिसतं. अशा दिवशी मी गाडी करंजाळीत उभी करते आणि चहा पिते. भाऊंचाही सल्ला तोच आहे. भीती गेली म्हणजे अक्कलही गेली पाहिजे असं थोडंच आहे!

संप मिटला, लाल गाड्या पुन्हा सुरू झाल्या. मी अजूनही आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी एसटीनेच जाते, कारण वह्या तपासायच्या असतात आणि झोपायचंही असतं. ड्रायव्हरच्या मागे बसले तरी आता पत्र्यावर पाय दाबत नाही. उलट तो कुठल्या गिअरात उतरतोय ते कान देऊन ऐकते आणि मनातल्या मनात मार्क देते. आमच्या पेठच्या चालकांना आजवर सत्तरच्या खाली द्यावे लागलेले नाहीत. रिव्हर्समध्ये गाडी लावायला मात्र मी आजही घाबरते. त्यासाठी सोसायटीच्या वॉचमनकाकांची मदत घेते आणि ते ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतात तेव्हा डोळे मिटावेसे वाटतात. प्रत्येक भीती घालवलीच पाहिजे असा काही नियम नाही.

नियम दुसरे आहेत, आणि ते फार कमी लोकांनी वाचले आहेत. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत डोंगरी रस्त्याबद्दल सांगितलंय की दोन गाड्या सहज मावणार नाहीत इतका रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं अवघड असतं, एवढंच त्यामागचं कारण. शिकाऊ माणसाच्या गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा, तोही याचसाठी. मागच्याला कळावं, पुढे कोणीतरी अजून क्लच शोधतंय.

तेव्हा कधी सापुताऱ्याऐवजी वाट वाकडी करून या बाजूला आलात, आणि सावळघाटात चढावर एखादी छोटी गाडी लाल ‘एल’ मिरवत बंद पडलेली दिसली, तर एवढं करा. दोन गाड्यांचं अंतर सोडून थांबा, हँडब्रेक ओढा, आणि हॉर्नवरचा हात काढून घ्या. ती गाडी निघेल. आतला माणूस कोण आहे हे बघायला उतरून पुढे जाऊ नका.